मोहाच्या काट्यावर उतरलेलं वजन

धानोरा,
रविवार, भर दुपार

आदरणीय सरिताबाईस,
धाकट्या अतुलचा सप्रेम जयभीम.

तू, भाऊजी आणि तुमच्या भद्रावतीच्या कॉलनीतली मंडळी सुखरूप असाल असं धरून चालतो. तुझे गुडघे कसे आहेत हे विचारत नाही, कारण तू "बरे आहेत" म्हणशील आणि मला ते खरं मानावं लागेल. इकडे आम्ही दोघं आहोत. (रिना आहे, मी असल्यासारखा आहे.) फोन सोडून कागद हाती धरला याचं तुला नवल वाटेल. पण फोनवर मला धाप लागते, तुला रडू येतं, आणि वजनाचा विषय निघाला की नेमकी तुझ्याकडची रेंज जाते. कागद तुला मध्येच बंद करता येणार नाही. फार तर घडी घालून गादीखाली ठेवशील, पण मग रात्री तो टोचेल.

तर सांगायचं ते हे की माझं ऑपरेशन पुढे ढकललं. तुला आठवत असेल, नागपूरच्या डॉक्टरांनी होळीच्या सुमारास बजावलं होतं की पोट लहान करायचं ऑपरेशन हवं असेल तर आधी दहा किलो उतरवून या. (वजन उतरत नाही म्हणून तर ऑपरेशन, आणि ऑपरेशनसाठी आधी वजन उतरवा. रोगी बरा होऊन आला तरच औषध देऊ, असं म्हणण्यातला प्रकार. पण डॉक्टरशी वाद घालायला दम लागतो, आणि तो असता तर मी तिथे गेलोच नसतो.) त्यांचं म्हणणं, माझं लिव्हर चरबीने इतकं फुगलंय की दुर्बीण आत घातली तरी तिला जठर दिसायचं नाही. तेव्हा एकशे अडतीस किलोंचा मी, डब्यातली पावडर आणि दोडक्याचं पाणी पिण्याचा वसा घेऊन गावी परतलो.

आता वजन मोजायचं कशावर? घरचा काटा मी पहिल्या पायातच मोडला. सरकारी दवाखान्यातला एकशेवीसवर थांबतो, आणि तिथली नर्स तो थांबला की माझ्याकडे अशी बघते जणू मीच अडून बसलोय. राहिला लच्छूशेठचा. लच्छूशेठ म्हणजे बाजारात मोहाची फुलं विकत घेणारा व्यापारी. त्याच्याकडे पोती तोलायचा मोठा काटा आहे. मग दर बाजाराला मी मोहाच्या पोत्यांच्या रांगेत उभा राहू लागलो. पुढे कुणाचं तरी पोतं, मागे सोनीबाईचं पोतं, मधलं मी. सोनीबाई जंगलालगतच्या टोल्यावरची, म्हणजे तिथल्या लहान वस्तीतली, तिचा नातू आमच्या शाळेत आहे, म्हणून ती मला आपल्या पोत्याच्या पुढे जाऊ द्यायची. शिक्षकाला समाजात अजून एवढा मान आहे.

पहिल्याच खेपेला आकडा आला एकशे चौतीस. नागपूरहून परतून जेमतेम आठवडा झाला होता. मी दोडक्याला मनातल्या मनात हात जोडले. पुढल्या बाजाराला एकशे बत्तीस. मग एकशे तीस. मोह जसजसा भरात येत होता तसतसा मी झडत होतो. लच्छूशेठ म्हणे, गुर्जी, तुमची तं पँट खाली येऊन राह्यली. (ती नव्हती येत. मी नाडी सैल बांधत होतो.) रिनाने एकदा विचारलं, आकडा खाली जातोय तर शर्टाचं बटण काऊन लागत नाई? मी तिला विज्ञान समजावून सांगितलं. आधी आतली चरबी जाते, बाहेरची नंतर. हे विज्ञान मी तिथल्या तिथे तयार केलं होतं.

आणि बाई, आकडा आपल्या बाजूने असला की माणूस उदार होतो. चौदा एप्रिलच्या भोजनदानात मी वाढायला उभा होतो, तो कधी बसलो ते कळलं नाही. वांग्या-आलूची भाजी, भात, बुंदी, वर पुन्हा बुंदी. पुढल्याच बाजाराला काट्यावर एकशे अठ्ठावीस! बुंदीने वजन उतरतं अशी माझी जवळजवळ खात्री पटली होती. मी डॉक्टरांना तसं सांगणारही होतो.

नागपूरला गेलो तो नवा शर्ट घालून. यंत्रावर चढलो. एकशे एकोणचाळीस. मी उतरलो, चपला काढल्या, पुन्हा चढलो. एकशे एकोणचाळीस. मग मी डॉक्टरांना, अगदी शांतपणे, यंत्र तपासून घ्या म्हणालो. सरकारी तपासणी दरवर्षी व्हायला हवी असा नियम आहे, तोही सांगितला. त्यांनी विचारलं, तुम्ही कुठे मोजत होता? मी म्हणालो, मोहाच्या काट्यावर. आहार सांगणारी पोरगी मूळची आमच्याच मोहपट्टीतल्या आलापल्लीची निघाली. ती हसली नाही, नुसती खाली बघत राहिली, आणि मला तिथेच सगळं कळलं.

कारण हे मला माहीत होतं, बाई. धानोऱ्यात कुणाला माहीत नाही? व्यापाऱ्याचा काटा पोत्याला कमीच दाखवतो, आणि हंगाम चढतो तसा आणखी कमी दाखवत जातो. मागच्याच वर्षी ग्रामसभेत उभं राहून याच काट्यावर मी तावातावाने बोललो होतो. लच्छूशेठ तेव्हा चार महिने माझ्याशी बोलला नव्हता. त्याच काट्यावर उभं राहून मी त्याचे आभार मानत होतो! सोनीबाईचं पोतं चोरतो तो काटा माझ्या बाबतीत मात्र सत्यवादी, हे मी कसं धरून बसलो ते मला अजून सांगता येत नाही. हवं तेच सांगत होता, एवढंच.

परतीच्या एसटीत तिघांच्या सीटवर मी आणि माझी पिशवी. गाडी भरली तरी तिसरं कुणी बसायला आलं नाही. फार वाईट वाटलं, खरंच सांगतो.

पुढल्या बाजारी लच्छूशेठला जाब विचारला तर तो म्हणे, काटा मोहाचा आहे, माणसाचा नाई. मग मी सोनीबाईवर चिडलो. तू रांगेत होतीस, तुला ठाऊक होतं, बोलली काऊन नाहीस? तिने पोत्याचं तोंड बांधत बांधत सांगितलं, "गुर्जी, तो काटा माह्या मोहाले खाते, मंग तुमाले काऊन सोडन? पन तुमी उतरले का हासत होते. तुमाले हासताना मी कधी पाह्यलं नव्हतं. म्हून नाई बोल्ली." मी तिच्या पोत्याला हात लावून उचलू लागलो, तर तीच म्हणाली, राहू द्या, तुमाले दम लागते.

आता मी रेशनच्या तांदळाचं सीलबंद पन्नास किलोचं पोतं आधी काट्यावर टाकायला लावतो, आणि मग चढतो. पहिल्यांदा टाकलं तेव्हा काटा सेहेचाळीस म्हणाला आणि सगळ्या बाजाराने ते पाहिलं. लच्छूशेठने तेवढ्यापुरता तो सरळ केला. मी घराकडे वळलो की पुन्हा वाकडा होतो म्हणतात. माझं म्हणशील तर पावडर आणि दोडका यांवर खरेखुरे तीन किलो उतरले आहेत. सात बाकी. गुडघे दुखतात, झोपेत श्वास अडकतो, रिना मला हलवून जागं करते आणि स्वतः जागीच राहते. येत्या दिवाळीत मी बाबा गेले त्या वयाचा होतो.

तुझ्या सासूबाईंना, बायनाआईला, माझा जयभीम सांग. ऑपरेशन पुढे गेलं हे सांगू नको. डॉक्टर सुटीवर आहेत म्हण. भाऊजींना नमस्कार.

तुझा भाऊ,
अतुल

ता. क. – रिनाने तुझ्यासाठी मोहाचे लाडू केले होते. चिठ्ठीसोबत पाठवणार होतो, पण चिठ्ठी लांबली. डबा धुऊन पाठवतो आहे. तीन किलोंचं वर लिहिलंय ते अडीच धर.

ता. क. दुसरा – चिठ्ठी खरं तर याच्यासाठी लिहिली. मागल्या खेपेला तुझ्याकडे आलो तेव्हा मी पाहिलं. न्हाणीघरातल्या तुझ्या काट्याची सुई शून्याच्या बरीच मागे असते आणि तू तिला तिथेच राहू देतेस. फोनवर सांगतेस तो आकडा त्याच सुईचा. बाबांना जन्मात कुणी काट्यावर उभं केलं नाही. त्यांचं वजन आपल्याला खांदेकऱ्यांनी सांगितलं. वाटेत दोनदा तिरडी खाली ठेवली, तू फाटकात उभी राहून बघत होतीस. अंगकाठी आपल्या दोघांची त्यांचीच आहे. पोळ्यानंतर मला नागपूरला पुन्हा बोलावलंय. मी दोन नावं दिली आहेत. ऑपरेशन कर म्हणत नाही, नुसती चल. मी तुझा आकडा बघणार नाही, तू माझा बघू नको. फक्त यंत्रावर आधी तू चढ. मोठी तू आहेस.