साडेबासष्ट अंशांचं पाणी

माय, हे मी डाव्या हाताने लिहितोय, म्हणून अक्षर वाकडं येतंय. उजवा हात पट्टीत आहे. तू गेलीस तेव्हा मी तिसरीत होतो. नववीत शाळा सुटली, पण अक्षर सांभाळलं, आणि तेच बघून नंदुरबारच्या एका दवाखान्यातल्या मॅडमनी मला नव्या दूधपेढीवर घेतलं. ज्या बाळंतिणींना दूध जास्त येतं त्या इथे काढून देतात. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या, आईचं दूध न मिळणाऱ्या बाळांना ते पाजतात. चार-पाच जणींचं एकत्र करायचं, बाटल्या साडेबासष्ट अंशांच्या पाण्यात अर्धा तास ठेवायच्या, मग गार करून गोठवायच्या. बाटलीवर फक्त आकडा. नावं वहीत, वही कुलपात. नाव बाहेर गेलं तर त्या बाईला घरी मार बसेल आणि दुसरी कोणी येणार नाही, हे मॅडमनी पहिल्याच दिवशी सांगितलं. किल्ली मी करगोट्याला बांधली. दिवसातून वीस वेळा चाचपतो.

गेल्या मंगळवारी दुपारी प्रकाशा गावाकडचा एक शेतकरी आत आला. त्याचं दीड किलोचं बाळ काचेच्या पेटीत, बायको तापाने बेशुद्ध. दुधाच्या कागदावर सही त्यानेच केली होती. पण चहाच्या टपरीवर कोणीतरी त्याला डिवचलं, की तुझा मुलगा डोंगरातल्या बाईच्या दुधावर वाढतोय. त्याने आतून कडी लावली.

"मन्हा पोऱ्याले कोणं दूध दिधं? नाव सांग."

मी म्हणालो, पाच जणींचं एकत्र आहे. त्याने थोबाडीत मारली, चष्मा फुटला. पाचही नावं सांग म्हणाला. त्याने एक बाटली फरशीवर आपटली, मग दुसरी. मग माझं मनगट धरून हात बाटल्या तापवायच्या पाण्यात दाबला आणि दाबूनच धरला. माझी चड्डी ओली झाली, तेही लिहितो. कातडं सुटताना दिसत होतं. त्या पाच जणींत एक खरंच डोंगरातली होती, तिचं नाव माझ्या दातांपर्यंत आलं होतं. तेवढ्यात सिस्टरनी खांद्याने धडका मारून कडी उखडली आणि स्टीलचा ट्रे त्याच्या डोक्यात घातला. त्याच्या कानामागून रक्त आलं. सिस्टर ओरडल्या, "पोऱ्यानं वजन वाढी ऱ्हायनं, नि तू आठे मर्दानगी दखाडी ऱ्हायना?" तो सांडलेल्या दुधातच खाली बसला.

तेव्हापासून मला तुझी मिरचीची पथारी दिसते. जमिनीवर लाल मिरची वाळत पडलीय, बायका देठ खुडतायत. डोंगरातून मजुरीला आलेली एक बाई तापाने कडेला पडलीय, तिचं लेकरू रडून रडून निळं झालंय. तू ताकाने हात धुतेस, परत धुतेस, धाकटीला माझ्याकडे देतेस आणि त्या लेकराला पदराखाली घेतेस. मला म्हणतेस, "कोणले सांगू नको हां, राजा." त्या संध्याकाळी बापाने तुला केसांना धरून ओट्यावरून खाली ओढलं. बैलाच्या दोराने मारलं. पुन्हा कोणाला पाजू नये म्हणून पाट्यावरची वाटलेली मिरची तुझ्या छातीला चोळली. तू ओठ चावून बसलीस. धाकटीने तोंड लावलं आणि किंचाळली. त्यानंतर तिने तुझं दूध घेतलंच नाही. चुगली शेजारच्या काकूंनी केली असं तू धरून चाललीस. मरेपर्यंत त्यांच्याशी बोलली नाहीस.

शुक्रवारी दूधपेढीवर ती डोंगरातली बाई दूध द्यायला आली. माझ्या पट्टीकडे बघत दारातच उभी राहिली. तोडक्या मराठीत विचारलं, "नाव दिलं?" मी मान हलवून नाही म्हणालो. मग ती आत येऊन हात धुवायला लागली.

तू मला कधीच विचारलं नाहीस, माय. हा कागद मी वहीखाली कुलपात ठेवणार आहे, तिथे तो कोणी वाचणार नाही, म्हणून लिहितो. काकू नव्हत्या, मी होतो. आणि माझं मनगट कोणी धरलं नव्हतं. बापाने भाकरी मोडता मोडता नुसतं विचारलं होतं, आज पथारीवर काय झालं.