मतदान होईपर्यंत

डिमोना,
बुधवार, १० जानेवारी

प्रिय हेस्केलदादा,

शालोम. आम्ही इकडे बरे आहोत, तुम्हीही अश्दोदला सुखरूप असाल असं धरून चालते. तुमच्याकडे हल्ल्याचे भोंगे जास्त वाजतात. भोंगा झाला की मुलींना बाल्कनीत उभं राहू देऊ नका, वहिनीला माझ्या वतीनं दटावून सांग.

पत्र पाहून दचकला असशील. तू निवडणुकीला उभा राहिल्यापासून तुझा फोन प्रचारातली पोरं उचलतात, निरोपही तीच वाचतात. मराठी मात्र तुझ्या कचेरीत कुणाच्या बापाला येत नाही. आपल्या बापाला येते आणि त्यानं आपले कान पिळून ती शिकवली, त्याचा आज उपयोग झाला.

घरची बातमी म्हणजे छताची गळती थांबली. शेजारची रिव्का आजी मुलाकडे हैफाला गेली. पप्पांनी काल अख्खं केळं खाल्लं. वर मोठा ग्लास भरून सरबत प्यायले आणि म्हणाले, "सिप्पू, दोन वर्षं तू मला चमच्यानं पाणी मोजून दिलंस, वाळवंटातल्या उंटालासुद्धा कुणी असं छळत नाही गं."

आता तू विचारशील, डायलिसिसच्या माणसाला केळं आणि सरबत दिलंसच कसं?

सांगते. जरा दमानं वाच.

सुक्कोथच्या सणाला तू फोटोवाला घेऊन आला होतास. पप्पांचा हात हातात धरून फोटो काढलास, त्याचं पोस्टर झालं, खाली लिहिलं 'शेवटच्या श्वासापर्यंत सोबत'. त्याच संध्याकाळी पप्पा तुला म्हणाले होते की आता मशीन पुरे झालं. हातावर सुई टोचायला जागा उरली नाही, पायात गोळे येतात, घरी आल्यावर दिवसभर उलट्या होतात. तू त्यांच्या पायाशी बसलास. म्हणालास, "पप्पा, फक्त मतदान होईपर्यंत. मी सभेत शेवटपर्यंत जीव जपा म्हणतो आणि माझ्या घरात दुसरंच होतंय, असं लोक म्हणतील." पप्पा 'बरं' म्हणाले. तुला नाही म्हणणं त्यांना कधी जमलंय?

मग लढाई सुरू झाली आणि मतदान पुढे गेलं. पप्पा म्हणाले, "पोराला शब्द दिलाय, मोडू कसा?" भोंगे वाजत असताना आम्ही मशीनसाठी बेर्शेवाच्या दवाखान्यात जात होतो. एकदा रस्त्याच्या कडेला त्यांना गाडीतून उतरवून जमिनीवर झोपवलं आणि मी वर आडवी पडले. ते खालून मला विचारतात, "ही खबरदारी कशासाठी चाललीय गं?" मला हसू आलं आणि रडूही आलं.

नव्या वर्षात मतदान परत पुढे गेलं. रेडिओवर बातमी लागली तेव्हा पप्पा भिंतीकडे तोंड करून पडले होते. मग म्हणाले, "दोनदा मुदत वाढवून दिली. आणखी वाढवली तर मलाच उमेदवार करा."

दादा, रविवारी आम्ही दवाखान्यात गेलो नाही. कालही नाही.

तुमच्या पक्षाचे रब्बी, ते धर्मगुरू, याला पाप म्हणतात ते मला पाठ आहे. पप्पा आपल्या गल्लीतल्या म्हाताऱ्या रब्बींकडे स्वतः चाकाच्या खुर्चीत बसून गेले होते. रब्बी म्हणाले, "चालू असलेलं यंत्र ओढून काढायचं नाही. पण ज्याचं एक आवर्तन संपलंय, ते यातना भोगणाऱ्यावर पुन्हा सुरू केलंच पाहिजे, असं नाही." पप्पा बाहेर येऊन मला म्हणाले, "म्हणजे घड्याळ फोडायचं नाही, नुसती किल्ली द्यायची नाही. एवढं कळायला मला बारा वर्षं सिनेगॉगात प्रार्थना सांगावी लागली." दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी त्यांना एकट्याला बसवून विचारलं, तुमच्यावर कुणाचा दाब आहे का? ते म्हणाले, "होता. पण उलट्या बाजूनं."

सुक्कोथनंतर तू मला फोनवर म्हणाला होतास, "तू थकलीस म्हणून त्यांनी मरायचं का?" पैसे तू वेळेवर पाठवतोस, त्यात बोट ठेवायला जागा नाही. पण हे तुझं वाक्य मी विसरलेले नाही. थकले आहे रे मी. पप्पांनी 'पुरे' म्हटलं तेव्हा आधी मला हायसं वाटलं आणि मग दुःख झालं, याच क्रमानं. तेव्हापासून मी स्वतःला तुझाच प्रश्न विचारते आहे. म्हणून मी त्यांना ना हो म्हटलं, ना नाही. ठरवलं ते त्यांनीच.

आता ते बहुतेक वेळ झोपेत असतात. दुखत नाही म्हणतात. जाग आली की शेमाची प्रार्थना पुटपुटतात, मध्येच आपल्या जुन्या गावच्या, रेवदंड्याच्या कुणाकुणाची नावं घेतात. तुझंही घेतात.

मग फोन का केला नाही? मराठीचं कारण खरं आहे, पण अर्धंच. मी फोन केला तर तू तासा-दीड तासात इथे पोचशील, बरोबर रुग्णवाहिका आणशील आणि त्यांच्या पायाशी बसशील. तू बसलास की ते 'बरं' म्हणतील. पप्पांनाही हे ठाऊक आहे. मला म्हणाले, "हेस्केलला कळव, त्याचा हक्क आहे. पण पोस्टानं कळव." आपलं पोस्ट कसं रखडत चालतं ते तुला सांगायला नको.

म्हणजे त्यांचं तोंड पाहायची तुझी वेळ मी जाणूनबुजून पोस्टाच्या हवाली करते आहे. तू मला याची माफी देशील असं वाटत नाही, मागतही नाही. त्यांचे डोळे मिटले की फोन मीच करीन. त्यांच्यामागे कदीशची प्रार्थना तूच म्हणायचीस, असं त्यांनी बजावलंय.

मतदान दुसऱ्यांदा पुढे गेल्यापासून तुझा एकदाही फोन आलेला नाही. पण तू स्वतःहून केलास आणि 'पप्पा कसे आहेत' एवढं जरी विचारलंस, तरी मी खोटं बोलणार नाही. सगळं सांगेन. मग तू ये, काय करायचं ते कर, पप्पा माझ्यावर रागावले तरी रागावू देत.

पत्र पेटीत टाकून लगेच घरी येते.

फोनजवळ बसलेली,
तुझी
सिप्पू