भुऱ्याच्या नावाने अडवलेले पाणी

दरेकसा,
ता. २८ सप्टेंबर १९३१

चि. उमराव यास केवळरामचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

देवाच्या कृपेने घरची माणसे बरी आहेत. आपला भुऱ्या मात्र गेला. तलावापलीकडच्या टोलीवर राहणाऱ्या बिसरामने त्याच्या कमरेत काठी घातली. तीन दिवस मागचे पाय ओढत होता, चौथ्या दिवशी पाणीही घेतले नाही.

पहिल्या वर्षी त्याने तुझ्या तीन वहाणा खाल्ल्या. तिसऱ्या वर्षी धानाच्या बांधीतून रानडुक्कर हुसकले. सातव्या वर्षी हनुवटी पांढरी झाली, तेव्हापासून उगाच भुंकत नसे. भुंकला की माणसे उठत. मग कान गेले, डोळ्यांवर निळसर साय आली, दात पडले. तुझी वहिनी मनकर्णा त्याला पेज पाजत असे. दोन वर्षे अंगणाबाहेर गेला नव्हता. त्या सांजेला वाट चुकून बिसरामच्या खुराड्याशी पोचला, एवढाच गुन्हा.

पाऊस थांबला आहे. तलावाचे पाणी पाळीने सोडायचे काम गावाने यंदाही माझ्याकडेच ठेवले. बिसरामची पाळी येईल तेव्हा पाळीतल्या तुडुमाच्या तोंडचा दट्ट्या मी काढणार नाही, त्याच्या धानाला थेंब मिळणार नाही. हे रागाने नाही, विचाराने ठरवले आहे.

तुझ्यावरचा जीव आहे तसाच आहे.

केवळराम

गोंदिया,
ता. ३ ऑक्टोबर

ती. भाऊंना उमरावचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

भुऱ्याचे वाचून गिरणीत डबा उघडवेना. सोबतचा छोटेलाल म्हणतो, तेरह साल का कुत्ता यानी अस्सी का बुढ्ढा, उसको तो जाना ही था. मी म्हटले, तुझा बापही अस्सी का आहे, आणू का काठी?

पण भाऊ, धान मारू नका. बिसरामला चावडीवर बोलवा, चार लोकांत त्याचे नाक कापा. हवे तर मी येऊन दोन ठेवून देतो.

वहिनींना नमस्कार. धाकट्याचे बोलणे पोटात घालावे.

उमराव

दरेकसा,
ता. १९ ऑक्टोबर

चि. उमराव यास आशीर्वाद.

सगळ्यांच्या बांध्या भिजल्या, बिसरामची भेगाळली. धानाची लोंबी पोटातच अडकली आहे. काल मी पूजेत असताना तो अंगणात येऊन उभा राहिला. म्हणाला, काऊन भाऊ, एका कुत्र्यापायी माझ्या लेकरायचा घास मारून राहिले? मी म्हटले, तो तेरा वर्षांचा होता, तुझे धान चार महिन्यांचे. मग म्हणतो, ओळखलंच नाही. केस झडलेलं, झोकांड्या खात येणारं जनावर, पिसाळलेला कोल्हा समजलो. जवानीत भुऱ्या रोज ज्याच्या दारी भात खाऊन आला, त्याने ओळखले नाही म्हणे!

आणखी आठ दिवस त्याचे पाणी बंदच. मग तो आपोआप समजेल.

तू थंडीत अंगावर काही घेत जा.

केवळराम

गोंदिया,
ता. २२ ऑक्टोबर

ती. भाऊंना सा. न.

हे पत्र मिळताच तुडूम उघडा. बिसराम खरे बोलतो. पोळ्याला मी दोन वर्षांनी घरी आलो, तेव्हा दारात एक खंगलेले, उघड्या कातडीचे कुत्रे निजले होते. मी त्याला दगड मारला. वहिनी धावत आल्या, म्हणाल्या, अवो, भुऱ्या आहे तो! मी लाजेने तुम्हाला सांगितले नाही, त्यांनाही सांगू दिले नाही. तुम्ही त्याला रोज पाहत होता, म्हणून तो तुम्हाला शेवटपर्यंत तोच दिसला.

रागवायचे तर माझ्यावर रागवा, पण आपला म्हणा.

उमराव

दरेकसा,
ता. ३० ऑक्टोबर

चि. उमराव यास आशीर्वाद.

तुझे पत्र चौथ्या दिवशी पोचले. त्याच पावली तलावावर जाऊन दट्ट्या काढला. पाणी बिसरामच्या बांधीत पसरले, पण धानाने मान वर केली नाही. काल त्याने उभ्या पिकात गुरे सोडली. मला शिवी दिली नाही. मनकर्णाने आपल्या कोठीतले तांदूळ पाठवले, ते त्याच्या बायकोने परत केले.

रोज पहाटे रामापुढे बसून मागतो, मला पश्चात्ताप दे. अजून मिळालेला नाही. बिसरामची रिकामी बांधी पाहतो आणि मनात येते, बरे झाले. हे तुझ्याशिवाय कुणाला सांगू?

जमेल तेवढी माया ठेव.

केवळराम