डोंगराला बांधलेली सुतळी

विपुलदादा,
सप्रेम जयभीम.

उद्या पोलादपूरला विद्यापीठाच्या नव्या इमारतीला तुझं नाव लागतंय. तुडीलच्या आपल्या बौद्धवाडीतून जाऊन तू मुंबईत फायनान्स कंपनी उभी केलीस, त्याचा हा मान. मी तिथेच शिकवते, मला आनंद का नसेल? पण भीती वाटतेय रे.

तुझं नाव हायवेवरून नीट दिसावं म्हणून इमारत रस्त्यापासून मागे, डोंगराकडे घेतली आणि त्यासाठी डोंगर उभा कापला. आता वर भेग पडलीय. दरडीच्या गावांत करतात तसं मी भेगेच्या दोन्ही बाजूंना खुंट्या ठोकून सुतळी बांधली होती. सुतळी ताणली गेली, की समजायचं, डोंगर सरकतोय. काल मांडववाल्याने ती सोडून नेली आणि तिच्यात झेंडू ओवले.

आज सकाळी मी नवी बांधली, मुद्दाम सैल. संध्याकाळी बोट लावलं तर तारेसारखी ताठ. इंजिनियर म्हणाले, "पावसाने आखडली असेल, मॅडम." आज पाऊस पडलाच नाय.

मागे फोनवर सांगितलं तेव्हा तू म्हणालास, "माझं नाव लागतंय ते तुला बघवत नाय." म्हणून हे पत्र पाठवायचाही धीर होत नाही.

आईला उद्या मी घरीच ठेवीन, तिचा गुडघा सुजलाय असं सगळ्यांना सांगेन. पण तुझ्या स्वागताला त्या कापलेल्या डोंगराखाली उभ्या राहणाऱ्या मुलींच्या आयांना काय सांगू? आणि तुला काही झालं, तर आईला काय सांगू?

तुझी,
निशा