जपानी येतं, शिकायचं राहिलंय

३ मार्च १९५७, रविवार.
आमच्या चिंचवडच्या कारखान्यातलं खिळे पाडायचं जपानी मशीन बसवल्यापासून बिघडलेलं. पुढच्या महिन्यात जपानहून इंजिनिअर येणार. मॅनेजरसाहेबांना दुभाषी हवाय. काल सांगून टाकलं, मला जपानी येतं. आता फक्त शिकायचं राहिलंय. एकदा दुभाषी झालो की गेटवर उन्हात हजेरी घेणं सुटलं. ऑफिसात पंख्याखाली खुर्ची!

५ मार्च.
शेजारचे उद्धवराव लढाईत ब्रह्मदेशात होते. तिथून आणलेलं जपानी पुस्तक त्यांनी दिलं. चित्रं, खाली इंग्रजीत अर्थ. बरंचसं उंदरांनी खाल्लंय, आवाजांचा धडा तेवढा शाबूत. हरकत नाही. पाया पक्का हवा.

१० मार्च, पहाटे ५.
आजपासून रोज वीस शब्द. कुत्रा भुंकतो: वान-वान. पाऊस: झा-झा. छातीत धडधड: दोकी-दोकी.
सकाळी ९. तीन झाले. उरलेले सतरा उद्याच्या विसात.

१९ मार्च.
भूक लागली, म्हणून सौ.ला पेको-पेको म्हणालो. तिनं विचारलं, अहो, पोट बिघडलंय का? घरात विद्येचं वातावरण नाही.

२८ मार्च.
ताप. अभ्यासाचाच असणार. एकूण अकरा शब्द. भाषेला अकरा पुरतात, बाकी सजावट.

८ एप्रिल.
गेटवरचा कोंडाजी म्हणतो, जपानी लई अवघड आसंल न्हवं? म्हटलं, मनावर घेतलं तर काही नाही. रविवारी मनावर घेणार.

१२ एप्रिल, शुक्रवार, संध्याकाळ.
नाकामुरासाहेब आले. कमरेत वाकून बरंच बोलले. मी भाषांतर केलं: प्रवास सुखाचा झाला. पुन्हा बोलले, मशीनकडे बोट. मी: मशीन फार आवडलं. मॅनेजरसाहेब खूश.
मग मशीन सुरू केलं. खडखडायला लागलं. हा तर माझाच धडा! पण ऐन वेळी शब्द आठवेना. वान-वान म्हणालो. नाकामुरासाहेब वाकून मशीनखाली कुत्रा शोधू लागले.
तेवढ्यात आमच्या इब्राहिम मिस्त्रीनं स्क्रूड्रायव्हरचं टोक बेअरिंगवर टेकवलं, मूठ कानाला लावली आणि तोंडानं आवाज काढला: खड-खड-खड, घर्रर्र. नाकामुरासाहेब उडालेच. ओरडले, गाता-गाता! गोरो-गोरो! म्हणजे खडखड, घरघर. मला आठवत नव्हते ते हेच शब्द. त्यांनीही स्क्रूड्रायव्हर कानाला लावला. दोघं तासभर एकमेकांपुढे खडखडत, घरघरत होते. मग बेअरिंग बदललं, मशीन दुरुस्त.
मॅनेजरसाहेब म्हणाले, इब्राहिम असताना दुभाषी कशाला? तुम्ही उद्यापासून गेटवर.

१३ एप्रिल.
दिवसभर उन्हात हजेरी. घरी येऊन भिंतीकडे तोंड करून रडलो. याला जपानीत शिकु-शिकु म्हणतात. हा शब्द मात्र न अडखळता आठवला. सौ.ला तसं सांगितलंही. ती म्हणाली, आता मराठीत रडा, पण आधी जेवून घ्या, भाकरी निवतेय.