बल्लम शीलाकडे

मी, बसंतीबाई बाबूसिंग राठोड, वय बहात्तर, निवृत्त मराठी शिक्षिका, राहणार तांडा, तालुका दारव्हा, जिल्हा यवतमाळ, हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहीत आहे. बुद्धी शाबूत आहे. गुडघे नाहीत, पण कायदा ते विचारत नाही. माझ्यावर दबाव नाही. धाकटे दीर भारत यांनी आणून पाहिला. मी चहा दिला.

१. राहते घर माझ्या पगारातून बांधलेले आहे. ते माझी सून शीला हिला. माझा मुलगा बादल वारल्यापासून नातेवाईक तिला माहेरी धाडायला निघाले आहेत. ती इथे पाहुणी नाही.

२. मुलगी बबिता, राहणार पुसद, हिला दागिने व पुस्तके. पुस्तके वाचावीत ही अट नाही, आशा आहे.

३. आमचे पूर्वज बैलांवर मीठ-धान्य लादून फिरत. त्यांच्या राखणीची दोन हत्यारे घरात उरली. लोक दोन्हींना भाला म्हणतात. बरची हलकी, फेकायची. बल्लम जाड दांड्याचा, खुपसायचा; तो हात सोडत नाही. दसऱ्याला दोन्हींची पूजा पुरुष करतो. बाईने शिवायचे नाही. ओझे म्हणून वाहिलेले चालते.

एकदा भारत भाऊजी आणि शीला शेत राखायला गेले. बल्लम जड, म्हणून भाऊजींनी तो शीलाच्या खांद्यावर दिला. रानडुक्कर आले. भाऊजींनी दसऱ्याच्या ऐटीत बरची फेकली. बरची कपाशीच्या पऱ्हाटीत गेली, भाऊजी कडुनिंबावर. शीलाने बल्लमाचे बूड मातीत रोवले आणि टोक पुढे धरून उभी राहिली.

"पळ ना वं पोरी! काहून उभी राह्यली?"

"तुमी उतरा काकाजी, मंग जोडीनं पळू."

डुक्कर वळले. मी मागून भाकरी घेऊन येत होते; बांधावरून पाहिले, अजून हसते.

बल्लम शीलाला. पूजाही तीच करेल. "बाईच्या हाती बल्लम शोभतो का, वहिनी?" असे भाऊजी विचारतात. उत्तर त्यांनी झाडावरून पाहिले आहे.

४. बरची भाऊजींना. दोरी बांधून घ्यावी. दोरीच्या बरचीला विटा म्हणतात. फेकली तरी ओढून परत घेता येते. बादलच्या आजारात दवाखान्यात उशाशी बसले ते हेच भाऊजी. ते मी विसरलेले नाही.

५. शीला तरुण आहे. तिने पुन्हा लग्न करावे. हे तोंडाने सांगायला गेले की बादलचे नाव मध्ये येते, म्हणून इथे लिहिते. लग्न केले तरी घर तिचेच, बल्लमही तिचाच. सासरी जाताना तो कोणी अडवू नये. भाऊजींनी स्वतः तिच्या गाडीत चढवून द्यावा.

लिहिलेले पुन्हा वाचले. बदलण्यासारखे काही नाही.

सही: बसंतीबाई बाबूसिंग राठोड

माझ्यासमोर सही केली:
विठ्ठलराव गावंडे
विमलताई ढोले

दारव्हा, ९ जानेवारी २०२५