पुढची चाकं उशिरा वळली

दि. ९ मार्च

तीर्थरूप दाजींना
शिरसाष्टांग नमस्कार.

तुमची तब्येत बरी असेल. ताईचे गुडघे कसे आहेत? पाकीट तिच्या हाती पडलं तर तिने ते न फाडता तुम्हाला द्यावं, एवढीच विनंती. इकडे शेडला नवा रंग दिलाय. तुमच्या जागी आलेला फिटर दिवसभरात चार शब्द बोलत नाही.

गाडी चालवणं मी सोडलं. डॉक्टर म्हणाले, कान उत्तम आहेत. तोच तर घोळ आहे.

मी नोकरीला लागलो तेव्हा तुम्ही मला इंजिनाखाली वाकायला लावलं होतंत. "ही पुढची छोटी चाकं बघ. गाडी ओढणं त्यांचं काम नाही. वळण आलं की आधी ती बाजूला सरकतात, आणि स्प्रिंगच्या जोरावर इंजिनाचं तोंड हळूच वळवतात. नाहीतर मोठी चाकं रुळाशी भांडत बसतील." मी म्हणालो, "म्हणजे आमची ताईच की!" तुम्ही पोट धरून हसलात.

अपघातानंतरच्या चौकशीत मी तुमचीच शिकवणी वापरली. "पुढची चाकं उशिरा वळली," म्हणालो. स्प्रिंग तपासल्याची सही तुमची होती.

तेव्हापासून सहा वर्षं, कुठल्याही इंजिनावर, प्रत्येक वळणाला ती मला उशिरा वळताना ऐकू येतात. क्षणभर काहीच नाही, मग पायाखाली खट्ट. तीन वेळा तपासून घेतली. चाकं ठणठणीत. आणि त्या खट्टच्या आधी डावीकडून, भट्टीत कोळसा टाकणाऱ्या माझ्या तेव्हाच्या फायरमनचा आवाज, "अहो, आवरा. वेग फार झालाय."

त्या दिवशी तो हेच म्हणाला होता. मी म्हणालो, "तू कोळशाकडे बघ."

चाकं वेळेवरच वळली होती, दाजी. वळणात शिरेपर्यंत मी ब्रेकला हातच लावला नाही. तो जिवानिशी गेला, तुमची नोकरी गेली, ताईने माझं नाव टाकलं. मी मात्र पगार घेत राहिलो.

काल साहेबांना सगळं लिहून दिलं. तुमच्यावरचा ठपका निघेल म्हणतात. माझं काय करायचं ते ठरवतील.

तिथून फायरमनच्या बायकोकडे गेलो. तिने उंबऱ्यातच सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "शेवटचं काय बोलले ते?"

मी सांगितलं.

"म्हणजे त्यांना कळलं होतं," एवढंच म्हणाली, आणि दार लावून घेतलं.



तुम्ही अजून म्हणू दिलंत तर, तुमचा
मेहुणा